गुहेतली हाडं : पण आणली कुणी?

खापरतुकडा (धागाकर्ती)

दुसऱ्या एका धाग्यावर अश्मयुगावर चर्चा चालू होती. तिथे कुणीतरी सहज लिहून गेलं, "गुहेत हाडं सापडली म्हणजे माणसं तिथे राहून शिकार खात होती, सरळ आहे." उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं वाढलं की वेगळा धागा काढणं बरं वाटलं. कारण हे अजिबात सरळ नाही.

माझं शिक्षण याच विषयात झालं. पोटापाण्याचा उद्योग पुढे भलताच निघाला, पण चार वर्षं हाडं धुणं, चाळणं, ओळखणं हेच केलंय. पहिल्या दिवशी सरांनी शंभर तुकड्यांचा ट्रे समोर ठेवला आणि म्हणाले, "ओळखा." दिवसभर बसून सात ओळखले. त्यातले दोन चुकीचे निघाले.

आधी हे की हाडं गुहांमध्येच का सापडतात. उघड्यावर पडलेलं हाड ऊन, पाऊस आणि कोल्हीकुत्री मिळून काही वर्षांत संपवतात. जमिनीत गाडलं गेलं तरी माती आम्लधर्मी असेल तर ती हाड खाऊन टाकते. चुनखडीच्या गुहेत मात्र झिरपणारं पाणी अल्कधर्मी असतं, छप्पर असतं, थरावर थर साचत जातात. लाखो वर्षांपूर्वीचं हाड टिकायला ही जागा उत्तम. म्हणजे गुहेत हाडं जास्त सापडतात याचा अर्थ माणूस गुहेतच राहायचा असा होत नाही. बाहेरचं सगळं नाहीसं झालं, एवढाच होतो.

आणि गुहा काही माणसाच्या मालकीची नव्हती. तरस पिल्लांसाठी हाडं ओढून आणतं. बिबट्या शिकार आणतो. साळिंदर दात झिजवायला वाळकी हाडं गोळा करतं. घुबड कपारीत बसून उंदराच्या हाडांच्या गोळ्या ओकतं. अस्वल हिवाळी झोपेत तिथेच मरतं. छपराला भोक असेल तर वरून जनावर आत पडतं. या सगळ्यांच्या गर्दीत कधीतरी माणूसही येतो. म्हणून पहिला प्रश्न कायम एकच : हे हाड इथे आणलं कुणी?

हा प्रश्न नीट विचारणारा पहिला माणूस बहुधा भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या कर्कडेल इथे १८२१ मध्ये खाणकामगारांना एक गुहा लागली. आत हत्ती, गेंडा, पाणघोडा यांची हाडं. इंग्लंडमध्ये पाणघोडा! बऱ्याच जणांच्या मते नोआच्या महापुरात ती वाहून आली होती. बकलंड स्वतः धर्मगुरू होता, पण त्याला गुहेत तरसाचीही पुष्कळ हाडं दिसली आणि बाकीची हाडं कुरतडलेली दिसली. मग त्याने काय करावं? फिरत्या प्राणिसंग्रहातल्या जिवंत तरसाला बैलाच्या तंगडीचं हाड खायला घातलं आणि उरलेला तुकडा गुहेतल्या तुकड्याशेजारी ठेवला. हुबेहूब. तरसाची विष्ठासुद्धा ताडून पाहिली. महापूर बाद, तरसाची गुहा पक्की. आजही आम्ही तेच करतो, फक्त सूक्ष्मदर्शक चांगले आहेत.

---

तिरकस

लेख रोचक आहे, पण शंका आहे. हाडाच्या चिंध्या बघून "हे तरसाने खाल्लं, हे माणसाने कापलं" असं छातीठोकपणे सांगतात ते मला ज्योतिषासारखंच वाटतं. एक ओरखडा, त्यावर दहा पानांचा निबंध. लाखो वर्षांत त्या हाडावर काय काय नाचून गेलं असेल!

---

खापरतुकडा

@तिरकस, नाचून गेलेलंही दिसतं. खरंच. जनावरांच्या खुरांखाली हाड वाळूत रगडलं गेलं की बारीक, उथळ, वाटेल त्या दिशेला जाणारे ओरखडे उठतात. दगडी पात्याने कापल्याची खूण खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते आणि तिच्या आत पात्याच्या खडबडीत धारेमुळे समांतर रेघा असतात. दाताची खूण रुंद आणि गोलसर तळाची. झाडांची मुळं हाडाला चिकटून वाढली तर नागमोडी नक्षी उठते. साळिंदराच्या दातांच्या तर रुंद चपट्या पट्ट्याच असतात, त्या एकदा पाहिल्या की विसरत नाहीत.

शिवाय खूण *कुठे* आहे ते बघायचं. सांध्याजवळ, स्नायूबंध जिथे असतो तिथे कापल्याच्या खुणा म्हणजे कुणीतरी तंगडी वेगळी केली. नळीच्या मधोमध लांब खुणा म्हणजे मांस सोलून काढलं. बोटांच्या हाडांवर नि जबड्याच्या कडेला खुणा म्हणजे कातडं काढलं. रगडलेल्या हाडावर ओरखडे कुठेही येतात, त्यांना शरीररचना कळत नाही.

दोन प्रकारच्या खुणा एकमेकींवर आल्या तर मग मजाच. दाताची खूण पात्याच्या खुणेवर चढली असेल तर माणूस आधी जेवला, तरसाला उष्टं मिळालं. उलट असेल तर माणसाला उष्टं मिळालं.

---

गोठ्यातला डॉक्टर

पशुवैद्य आहे, म्हणून दोन पैसे टाकतो. वय कसं काढत असतील ते मला लगेच पटलं. दुधाचे दात कधी पडतात, दाढा कधी येतात, किती झिजतात यावरून आम्ही रोज जनावराचं वय सांगतो. हाडांचंही तसंच. कोवळ्या जनावराच्या लांब हाडाचं टोक आणि दांडा यांमध्ये कूर्चा असते, वय वाढलं की ते जुळतं. प्रत्येक हाडाचं जुळण्याचं वय वेगळं. शेळीत दंडाच्या हाडाचं कोपराकडचं टोक साधारण वर्षाच्या आत-बाहेर जुळतं, पण तेच हाड खांद्याकडे जुळायला तीनेक वर्षं लागतात.

---

खापरतुकडा

डॉक्टर, तुम्ही नकळत या विषयातल्या सगळ्यात गाजलेल्या भांडणाची किल्ली हातात दिलीत. हे जरा सविस्तर लिहिते.

दक्षिण आफ्रिकेत माकापान्सगाट नावाची गुहा आहे. तिथे रेमंड डार्ट या शरीररचनाशास्त्रज्ञाला ऑस्ट्रॅलोपिथेकसच्या (माणसाच्या फार जुन्या, दोन पायांवर चालणाऱ्या पूर्वजगटाच्या) अवशेषांबरोबर प्राण्यांच्या हाडांचा डोंगर मिळाला. सात हजारांहून जास्त तुकडे त्याने मोजले. मोजताना लक्षात आलं की सगळी हाडं सारख्या प्रमाणात नाहीत. हरणांच्या दंडाचं कोपराकडचं टोक ढिगाने, खांद्याकडचं टोक अगदी थोडं. जबडे भरपूर, शेपटीचे मणके जवळजवळ नाहीत. डार्टने निष्कर्ष काढला की ही *निवड* आहे. कोपराकडचं गाठाळ टोक म्हणजे सोटा, जबडा म्हणजे करवत, शिंग म्हणजे खंजीर. आपले पूर्वज दगडाआधी हाड, दात आणि शिंगांची हत्यारं वापरत होते आणि मुळात खुनशी शिकारी होते, असं त्याने १९५७ मध्ये मांडलं. लोकांना ही कल्पना फार आवडली. माणूस जात्याच खुनी, हे ऐकायला का कोण जाणे सगळ्यांना आवडतं.

मग आला बॉब ब्रेन, गुहांतल्या हाडांचा अभ्यासक. नामिबियातल्या कुईसेब नदीकाठच्या वस्त्यांमध्ये लोक शेळ्या खाऊन हाडं टाकायचे आणि कुत्री ती चघळायची. ब्रेनने ती टाकलेली हाडं गोळा करून मोजली. दंडाची कोपराकडची टोकं ढिगाने, खांद्याकडची जवळजवळ नाहीत! तिथे कुणी सोटे निवडत नव्हतं. कोपराकडचं टोक लवकर जुळतं, घट्ट असतं, दाताला दाद देत नाही. खांद्याकडचं टोक उशिरा जुळतं, सच्छिद्र असतं, कुत्र्याला ते बिस्किटासारखं. डार्टला जी निवड वाटली ती दातांनी केलेली होती.

म्हणजे गुहेत *काय आहे* याच्याइतकंच *काय नाही* आणि *का नाही* हे विचारावं लागतं.

ब्रेन पुढे स्वार्टक्रान्स गुहेत वर्षानुवर्षं काम करत राहिला. तिथल्या एका लहान वयाच्या पॅरान्थ्रोपसच्या (मानवकुळातल्या, नामशेष झालेल्या एका चुलत शाखेतल्या प्राण्याच्या) कवटीला मागच्या बाजूला दोन भोकं आहेत. डार्टच्या चष्म्यातून पाहिलं तर खुनाचा पुरावाच. ब्रेनने त्या भोकांवर बिबट्याच्या खालच्या जबड्याचे सुळे ठेवून पाहिले. अंतर बरोबर जुळलं. त्या भागात गुहांच्या तोंडाशी झाडं उगवतात, बिबट्या शिकार झाडावर नेतो, खाली पडलेली हाडं सरळ गुहेत जातात. आपला हा चुलत नातलग शिकारी नव्हता, जेवण होता.

---

चष्मिष्ट

वाखुसा (वाचनखूण साठवली). कवटीच्या भोकात सुळे बसवून बघणारा माणूस डोळ्यांसमोर आला.

तो उंदरांचा मुद्दा तेवढा समजला नाही. घुबडाने ओकलेल्या हाडांतून माणसाबद्दल काय कळणार?

---

खापरतुकडा

माणसाबद्दल थेट काही नाही, त्याच्या जगाबद्दल बरंच. मोठी जनावरं लांब भटकतात, वेगवेगळ्या हवामानात जगतात. उंदीर, चिचुंद्री, व्होल (उंदरासारखाच छोटा प्राणी) यांच्या जाती चोखंदळ असतात. एकीला गवताळ रान लागतं, एकीला ओल, एकीला थंडी. घुबड आसपासच्या थोड्याच किलोमीटरमधून शिकार आणतं. त्यामुळे एका थरातली उंदरांची हाडं म्हणजे त्या काळात गुहेबाहेर कसलं रान होतं याची यादीच. शिवाय त्या थरात घुबडाचा माल भरपूर असेल तर त्या काळात माणसांची वर्दळ कमी होती असाही अंदाज बांधता येतो. गजबजलेल्या घरात घुबड राहत नाही.

पण ही हाडं मिळवायला बारीक चाळणी लागते. माती पाण्याखाली चाळून चिमट्याने वेचावी लागते. मान मोडते. मी केलंय.

---

आडवाटेचा वाटसरू

यावरून एक विचारतो. जुन्या उत्खननांत चाळण्या वापरत नव्हते म्हणे. मग त्या काळातले निष्कर्ष कितपत धरायचे?

---

खापरतुकडा

हा दुखरा प्रश्न आहे. जुन्या खोदकामांत ओळखता येणारं, देखणं हाड ठेवायचे : दात, जबडा, सांध्याची टोकं. नळीच्या मधल्या भागाचे चपटे तुकडे कशाचे ते कळत नाही म्हणून बरेचदा टाकूनच द्यायचे.

याचा परिणाम बघा. एके काळी निअँडरथल माणसाबद्दल (आपला नामशेष झालेला चुलत भाऊ) असं मत होतं की तो धड शिकारीही नव्हता, दुसऱ्यांनी सोडलेलं खाणारा होता. कारण काय, तर त्याच्या गुहांमध्ये डोकी आणि पाय जास्त, मांसल तंगड्यांची हाडं कमी. म्हणजे वाघसिंहांनी मांसल भाग खाल्ला, उरलेली डोकी-खुरं याच्या वाट्याला आली. पुढे कर्टिस मरीन या पुरातत्त्वज्ञाने इराणमधल्या कोबेह गुहेतली हाडं तपासली. तिथे ते दांड्यांचे तुकडे सुदैवाने जपून ठेवलेले होते. ते जोडून, ओळखून मोजल्यावर मांसल तंगड्या परत आल्या, वर कापल्याच्या खुणांसकट. तंगड्यांच्या सांध्याची मऊ टोकं मांसाहारी जनावरांनी फस्त केली होती, म्हणून फक्त टोकं मोजणाऱ्याला त्या तंगड्या दिसतच नव्हत्या.

एका अख्ख्या मानवजातीची अब्रू उकिरड्यात टाकलेल्या तुकड्यांत अडकली होती.

(माझाही गुन्हा कबूल करते. एकदा धुतलेल्या हाडांची पिशवी परत भरताना चिठ्ठी आत टाकायला विसरले. कुठला चौकोन, किती खोली, काहीच नाही. हाडं तीच, सुंदर, पण त्यांना आता शून्य किंमत. सर काही बोलले नाहीत. नुसते बघत राहिले. त्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं.)

---

तिरकस

बरं, ओरखड्यांचं मान्य. पण मोजणीचं काय? एका हरणाचे चाळीस तुकडे झाले तर तुम्ही चाळीस हरणं मोजणार?

---

खापरतुकडा

छान पकडलंत. म्हणून दोन आकडे काढतात. एक नुसते ओळखलेले तुकडे किती. दुसरा, कमीत कमी किती जनावरं असली पाहिजेत. समजा मांडीची डावी हाडं तीन आणि उजवी दोन सापडली, तर निदान तीन जनावरं होती. पण उजव्यातलं एक कोवळं असेल आणि डावी तिन्ही म्हाताऱ्या जनावरांची, तर निदान चार. पहिला आकडा फुगतो, दुसरा आक्रसतो. शहाणा माणूस दोन्ही सांगतो आणि फार आवेशाने बोलत नाही.

---

रानसई

मला एक बारीकसा खुलासा करायचाय. आपण "हरीण" म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात घालतो. चितळ-सांबरांची शिंगं दर वर्षी गळतात आणि नवी येतात. काळवीट-चिंकाऱ्यांची गळत नाहीत. त्यामुळे गुहेत सांबरासारख्या जनावराचं शिंग सापडलं तर ते रानात पडलेलं उचलून आणलेलंही असू शकतं ना?

---

खापरतुकडा

अगदी बरोबर, आणि ते ओळखता येतं. गळालेल्या शिंगाचं बूड गोल, बंद असतं. मारलेल्या जनावराचं शिंग कवटीच्या तुकड्याला चिकटलेलं असतं. चिकटलेलं पूर्ण वाढीचं शिंग असेल तर शिकार कुठल्या ऋतूत झाली तेही कळतं. ऋतू कळायचा दुसरा मार्ग पिल्लांचे जबडे. विणीचा हंगाम ठरलेला असेल तर चार महिन्यांच्या पिल्लाचा जबडा म्हणजे तारीखवारच. तिसरा मार्ग दाताच्या मुळावर दर वर्षी चढणारे सिमेंटमचे थर, झाडाच्या वलयांसारखे. शेवटचा थर उन्हाळ्याचा की हिवाळ्याचा ते पाहायचं. यावरून टोळी त्या गुहेत वर्षभर राहायची की ठरावीक दिवसांत यायची हे उमगतं.

---

गोठ्यातला डॉक्टर

मज्जेबद्दल कुणी बोललंच नाही. ताजं हाड आणि वाळकं हाड फुटतं वेगळं, हे आम्हाला अपघातातल्या जनावरांत दिसतं.

---

खापरतुकडा

हो, ओली फांदी आणि वाळकी फांदी यांतला फरक. ताजं हाड पिळवटून, तिरक्या धारेने फुटतं. वाळकं आडवं, खडबडीत तुटतं. ताज्या फुटीच्या कडेला दगड आपटल्याचा खोबणीसारखा टवका असेल तर कुणीतरी मज्जा काढली.

इस्रायलमधल्या केसेम गुहेत याहून भारी गोष्ट सापडली. तिथे हरणांच्या पायाच्या खालच्या हाडांवर कापल्याच्या खुणा विचित्र जागी आणि विचित्र तऱ्हेने उमटलेल्या होत्या. वाळलेलं, चिकटून बसलेलं कातडं सोलताना उठतात तशा. संशोधकांनी हरणांचे पाय कातड्यासकट ठेवून प्रयोग केले आणि तशाच खुणा मिळाल्या. त्या पायांतली मज्जा नऊ आठवड्यांपर्यंत खाण्याजोगी राहू शकत होती. हे लोक २ लाख वर्षांहून आधीचे. म्हणजे आजचं उद्यासाठी राखून ठेवणारे. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा मी नोकरीत रुळले होते. त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही.

---

चष्मिष्ट

आणि जळकी हाडं? विस्तव कधीपासून हे त्यावरूनच काढतात ना?

---

आडवाटेचा वाटसरू

मला माहीत आहे तेवढं लिहितो. हाड तापत गेलं की रंग बदलतो : तपकिरी, काळा, राखाडी, शेवटी खडूसारखा पांढरा. स्वार्टक्रान्समध्येच ब्रेनला २७० जळके तुकडे मिळाले, १० ते १५ लाख वर्षांपूर्वीच्या थरातले. १९८८ मध्ये त्याने आणि अँड्र्यू सिलेनने ते मांडलं. पण आग वापरणं वेगळं आणि पेटवता येणं वेगळं. वणव्यातली आग आणून जपली असंही असेल. ताईंनी दुरुस्ती करावी.

---

खापरतुकडा

दुरुस्ती नाही. भर एवढीच, की दक्षिण आफ्रिकेतल्याच वंडरवर्क गुहेत, तोंडापासून बऱ्याच आत, सुमारे १० लाख वर्षांपूर्वीच्या थरात जळकी हाडं आणि वनस्पतींची राख जागच्या जागी मिळाली. वणवा इतका आत येत नाही.

---

बासरीवाला

माझ्या नावाला जागून विचारतो. निअँडरथलची बासरी! स्लोव्हेनियात अस्वलाच्या हाडाची. आंतरजालावर तिचं वादनही ऐकलंय.

---

खापरतुकडा

दिव्ये बाबे गुहा, १९९५. गुहा-अस्वलाच्या पिल्लाचं मांडीचं हाड, एका रेषेत भोकं. तिच्या बाजूने बोलणारे अजूनही आहेत. त्यांनी नक्कल करून सूरही काढून दाखवले. विरोधकांचं म्हणणं, पिल्लाचं हाड कोवळं, त्यात मांसाहारी प्राण्याच्या दाताने अशी भोकं पडतात, आणि अस्वलांच्या गुहांमध्ये अशी भोकाची हाडं आणखीही मिळाली आहेत. सूर निघाला म्हणून बासरी ठरत नाही, सूर पपईच्या देठातूनही निघतो. माझं मत विरोधकांच्या बाजूने. बासरीच ऐकायची तर जर्मनीतल्या होले फेल्स गुहेतली गिधाडाच्या हाडाची घ्या. पाच भोकं, फुंकायच्या टोकाला खाच, सुमारे ४० हजार वर्षं जुनी. तिच्याबद्दल वाद नाही, पण ती आपल्याच जातीच्या माणसाची मानतात.

गुहा-अस्वलांनी लोकांना फार चकवलंय. स्वित्झर्लंडमधल्या ड्राखेनलोख गुहेत शंभर वर्षांपूर्वी अस्वलांच्या कवट्या "दगडी पेटीत रचलेल्या" दिसल्या आणि अस्वलपूजेचा आख्खा धर्म उभा राहिला. नंतरच्यांना दिसलं ते असं : छताचे दगड पडले, झोपेत मेलेल्या अस्वलांची हाडं पुढच्या अस्वलांनी तुडवत कडेला सारली.

---

रानसई

चित्रं आणि हाडं जुळतात का? म्हणजे भिंतीवर जे रंगवलं तेच खात होते?

---

खापरतुकडा

फ्रान्समधल्या लास्को गुहेत मुळीच जुळत नाहीत. भिंतीवर घोडे, रानबैल, हरणं. जमिनीत सापडलेली हाडं बहुतांश रेनडिअरची, आणि रेनडिअर भिंतीवर शोधूनही जेमतेम एक. जे रोज पोटात जातं त्याचं चित्र काढावंसं वाटत नसेल, किंवा चित्रांचा जेवणाशी संबंधच नसेल. इथे हाडं गप्प बसतात आणि आपणही बसावं.

---

आडवाटेचा वाटसरू

आपल्या भागातल्या गुहांवर असं काम झालंय का?

---

खापरतुकडा

भीमबेटका वालुकाश्माचं. तिथे हाडं टिकत नाहीत, सुरुवातीला म्हटलं तेच कारण. चुनखडीच्या गुहा आंध्रात कर्नूलकडे आहेत. बिल्लासुर्गम गुहांमध्ये रॉबर्ट ब्रूस फूटने १८८० च्या दशकात खोदलं. प्राण्यांची भरपूर हाडं मिळाली, काही हाडं माणसाने घडवलेली आहेत असं त्याने म्हटलं. १९७० च्या दशकात एम. एल. के. मूर्तींनी त्याच परिसरातल्या मुच्छटला चिंतामनु गवी या गुहेत खोदून उत्तर पुराश्मयुगातली हाडांची हत्यारं नोंदवली. श्रीलंकेत फा-हिएन लेना गुहेतली हाडं बहुतांश माकडं आणि मोठ्या खारींची आहेत, सुमारे ४५ हजार वर्षांपासूनची. घनदाट पर्जन्यवनात, झाडाच्या शेंड्यावरची चपळ जनावरं, तीही मुख्यतः प्रौढ, टिपणं ही खायची गोष्ट नाही. वर त्याच माकडांच्या हाडांची टोकदार अस्त्रं केलेली. पर्जन्यवनात आदिमानव तग धरू शकत नव्हता, असं पूर्वी मानायचे.

---

तिरकस

शेवटचा हल्ला. इतकं करूनही बहुतेक तुकडे "ओळखता येत नाहीत" म्हणून पेटीतच पडून राहत असतील ना?

---

खापरतुकडा

राहायचे. आता हाडातल्या कोलॅजन या प्रथिनावरून प्राण्याचा गट ओळखता येतो, चिमूटभर नमुना पुरतो. हाडाला आकार नसला तरी चालतं. सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेतले दोन हजारांहून जास्त बेनाव तुकडे असे तपासले. गायी, घोडे, मॅमथ, रेनडिअर, गेंडा. त्यांत जेमतेम अडीच सेंटिमीटरचा एक तुकडा मानववंशीय निघाला. २०१८ मध्ये त्याचा जीनोम वाचला तेव्हा कळलं की ती किमान तेरा वर्षांची मुलगी होती, सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीची. आई निअँडरथल, बाप डेनिसोवन (याच गुहेवरून नाव पडलेला दुसरा मानवी वंश). दोन वेगळ्या मानवी वंशांची थेट पहिल्या पिढीतली संतती याआधी कधी कुणाच्या हाती लागली नव्हती.

आणि त्या हाडाचीही गंमत बघा. त्याच्या पृष्ठभागावर आम्लाने झिजल्याच्या खुणा आहेत. ते बहुधा एखाद्या मांसाहारी प्राण्याच्या पोटातून गेलेलं असावं.

---

तिरकस

म्हणजे परत तरसच.

---

खापरतुकडा

तरस म्हणा, लांडगा म्हणा. आणलं कुणी ते अजून ठरलेलं नाही.